जॅम्युलसवर एकत्र वाजवण्यासाठी क्लायंट आणि सर्व्हर कसा लावावा

पेटीवाला पुण्यात आणि तबलजी नाशकात असेल, तर व्हिडिओ कॉलवर दोघांची लय जुळत नाही. ती साधने बोलण्यासाठी घडवलेली असल्यामुळे आवाज मागे पडतो आणि तानपुऱ्याचा अखंड सूर पुष्कळदा गोंगाट समजून दाबला जातो. फोल्कर फिशर यांनी २००६ मध्ये सुरू केलेले जॅम्युलस हे मुक्त सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे. प्रत्येक वादकाच्या संगणकावर क्लायंट चालतो आणि मधला सर्व्हर सगळ्यांचे आवाज मिसळून प्रत्येकाकडे परत पाठवतो.

क्लायंटसाठी लॅपटॉप राउटरला केबलनेच जोडावा आणि हेडफोनही वायरचाच घ्यावा. ब्लूटूथ इथे निरुपयोगी आहे. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा (माइक किंवा वाद्य संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा) स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिराने नेणारे सॉफ्टवेअर, निवडावा, तो नसल्यास एएसआयओ-फोर-ऑलवर काम भागते. बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवायचा आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर ठेवावा, आवाज तडतडला तर २५६ करावा, आणि नेटवर्कवरून मागेपुढे येणारा आवाज सांभाळणारा जिटर बफर ‘ऑटो’वर राहू द्यावा.

नवखे वादक चुकतात ते यापुढे. इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटरिंग (आपला आवाज थेट आपल्याच हेडफोनमध्ये ऐकवण्याची सोय) बंद करून आपलाही आवाज सर्व्हरवरून फिरून आलेलाच ऐकावा. सुरुवातीला बोट पडल्यावर सूर किंचित उशिरा येतो आणि हात अडखळतो, पण त्याच आवाजावर वाजवत राहिले तरच लय टिकते. जवळचा आवाज ऐकून वाजवणारा बाकीच्यांना सतत मागे पडलेला वाटतो, आणि साथीदार त्याच्यासाठी थांबू लागले की ठेका हळूहळू ओढला जातो.

एकूण उशीर खिडकीतच दिसतो: ४३ मिलिसेकंदांपर्यंत दिवा हिरवा, ६८ पर्यंत पिवळा, त्यापुढे लाल. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते, म्हणजे ६० मिलिसेकंदांचा उशीर जवळजवळ पाव मात्रा खातो. विलंबित लयीत तो चालून जातो.

म्हणून सर्व्हर वादकांच्या जवळ हवा. प्रकाशालाही फायबरमधून २०० किलोमीटरला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, त्यामुळे लंडनच्या भाच्याबरोबर मुंबईहून द्रुत वाजवण्याचा हट्ट न धरलेला बरा. सर्व्हरला साउंड कार्ड लागत नाही. घरातला जुना संगणकही चालतो. सर्व्हरची खिडकी उघडून तो कोणत्याही डिरेक्टरीत (सर्व्हरच्या सार्वजनिक यादीत) नोंदवू नये, म्हणजे अनोळखी मंडळी मैफिलीत शिरत नाहीत. राउटरमध्ये यूडीपी पोर्ट २२१२४ त्या संगणकाकडे वळवावा (टीसीपी निवडून तासभर डोके खाजवणारे पुष्कळ आहेत) आणि साथीदारांना आपला सार्वजनिक आयपी पत्ता कळवावा; त्यांनी तो ‘कनेक्ट’च्या खिडकीत लिहायचा. त्याच घरातल्या क्लायंटने मात्र सर्व्हरचा घरगुती नेटवर्कमधला पत्ता वापरावा. राउटरवर दिसणारा पत्ता १०० ने सुरू होत असेल, त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ यांमधला असेल आणि बाहेरून दिसणारा पत्ता वेगळाच असेल, तर बहुधा ब्रॉडबँड कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो; मग पोर्ट वळवून उपयोग होत नाही. अशा वेळी कंपनीकडून स्वतंत्र पत्ता घ्यावा किंवा मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये लहान लिनक्स मशीन भाड्याने घेऊन सर्व्हर तिथे चालवावा.