सेकंडरी येण्याआधीच लिहायला घ्या: अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलचे अर्ज

नीटचा आकडा, रँक आणि कॅपच्या फेऱ्या माहीत असलेल्या आईवडिलांना अमेरिकेतला मेडिकल प्रवेश सुरुवातीला उलगडत नाही. इथे रँक नाही आणि यादीही लागत नाही. प्रत्येक कॉलेज आपला निर्णय स्वतः घेतं आणि अर्ज दोनदा भरावा लागतो. पहिला, म्हणजे प्रायमरी, बहुतेक एमडी कॉलेजांसाठी (एमडी ही अमेरिकेत डॉक्टरकीची पहिलीच पदवी, कॉलेजच्या पदवीनंतरची) एकच असतो आणि तो ॲमकॅस या सामाईक अर्जसेवेवर भरायचा. तो पोचला की प्रत्येक कॉलेज आपापले प्रश्न आणि आपापली फी लावून दुसरा अर्ज पाठवतं. तीच सेकंडरी. वीस कॉलेजं निवडली असतील, तर जुलैच्या पहिल्या काही आठवड्यांत पन्नास-साठ लहानमोठे निबंध एकदम अंगावर येतात. पुष्कळ चांगले अर्ज इथेच ढेपाळतात, आणि दोष बहुधा लेखनापेक्षा कॅलेंडरचा असतो.

स्पर्धेचा अंदाज हवा तर २०२४ चे आकडे पाहा. एमडीसाठी अर्ज करणारे सुमारे ५२ हजार होते, प्रवेश मिळालेले सुमारे २३ हजार. प्रवेश मिळालेल्यांचा एमकॅट या प्रवेशपरीक्षेतला सरासरी गुण ५२८ पैकी ५१२ च्या आसपास आणि जीपीए, म्हणजे कॉलेजातल्या ग्रेडची सरासरी, ४ पैकी ३.८ च्या जवळ. नावाजलेल्या कॉलेजांत हे आकडे आणखी वर जातात. तिथे अर्ज करणाऱ्या बहुतेकांचे गुण उत्तमच असतात, म्हणून फरक निबंध, अनुभव आणि शिफारसपत्रांनी पडतो.

आधी प्रायमरी, आणि तीही लवकर

ॲमकॅस मेच्या सुरुवातीला उघडतं, मेअखेरीस किंवा जूनच्या तोंडावर सबमिट करता येतं, आणि जूनच्या शेवटी अर्ज कॉलेजांकडे जायला लागतात. मधल्या काळात पडताळणी होते: मुलांनी भरलेला प्रत्येक विषय, क्रेडिट आणि ग्रेड अधिकृत ट्रान्सक्रिप्टशी ताडून पाहिली जाते. पहिल्या दिवसांत अर्ज गेला तर हे लवकर उरकतं. जूनच्या मध्यानंतर रांग वाढते आणि चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. बहुतेक कॉलेजं अर्ज येतील तसे वाचतात आणि मुलाखतीच्या जागा भरत जातात, त्यामुळे ऑगस्टमध्ये पूर्ण झालेला अर्ज ऑक्टोबरमध्ये पूर्ण झालेल्या अर्जापेक्षा बऱ्या स्थितीत असतो.

रांगेत नंबर लागतो तो अर्ज आणि सगळी ट्रान्सक्रिप्ट्स पोचल्यावर. इथे एक चूक वरचेवर होते. हायस्कूलमध्ये असताना जवळच्या कम्युनिटी कॉलेजात घेतलेला एखादा कोर्स मुलं विसरून जातात. तो कोर्सही दाखवावा लागतो आणि त्या कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट वेगळं मागवावं लागतं. ते नसेल तर अर्ज तिथेच अडकतो. विषयांची नावं आठवणीतून भरू नका, ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून जशीच्या तशी भरा.

प्रायमरीतल्या मर्यादा अक्षरांत मोजतात, स्पेस धरून: मुख्य निबंध ५,३००, जास्तीत जास्त पंधरा उपक्रम प्रत्येकी ७००, आणि त्यांतल्या तीन महत्त्वाच्या उपक्रमांना आणखी १,३२५. सबमिट केल्यावर निबंध बदलता येत नाहीत. कॉलेजं मात्र नंतर वाढवता येतात. म्हणून एमकॅटचा निकाल यायचा असेल आणि यादी ठरत नसेल, तर एकच कॉलेज घालून अर्ज पडताळणीला पाठवायचा आणि निकाल लागल्यावर बाकीची जोडायची. निकालाला साधारण महिना लागतो, तो महिना वाया जात नाही.

टेक्ससच्या सरकारी कॉलेजांचा अर्ज वेगळा, टीएमडीएसएएसवर. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टरकीच्या कॉलेजांचाही वेगळा. दोन्हींच्या तारखा वेगळ्या टिपून ठेवा.

यादी करण्याआधी व्हिसा पाहा

एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बी वर्क व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, वाढलेल्या मुलांच्या घरात हा विषय उशिरा निघतो. मूल चौथीपासून न्यू जर्सीत शिकलेलं असलं, तरी ग्रीन कार्ड नसेल तर बहुतेक मेडिकल कॉलेजं त्याला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो आणि बहुधा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. बरीच कॉलेजं, विशेषतः सरकारी, असे अर्ज घेतच नाहीत. जी घेतात त्यांतली काही एक किंवा अधिक वर्षांची फी आधीच एस्क्रो (फीसाठी राखून ठेवलेल्या) खात्यात ठेवायला सांगतात, आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही. ॲमकॅस चालवणाऱ्या एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या सशुल्क यादीत प्रत्येक कॉलेजचं धोरण दिलेलं असतं. ते पाहा आणि मग कॉलेजच्या संकेतस्थळावर पुन्हा तपासा.

नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनीही कर्जाचे नवे नियम वाचावेत. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी केंद्राचं ग्रॅड प्लस कर्ज बंद होतं आणि मेडिकलसारख्या शिक्षणासाठी केंद्राच्या कर्जाला वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा येते.

यादीत पहिली नावं स्वतःच्या राज्यातल्या सरकारी कॉलेजांची हवीत. ती राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात. दुसऱ्या राज्यातलं सरकारी कॉलेज घालण्याआधी ते बाहेरची किती मुलं घेतं ते बघा, नाहीतर फी पाण्यात.

जून हाच लिहिण्याचा महिना

बहुतेक कॉलेजं सेकंडरी जवळजवळ सगळ्यांना पाठवतात. काही, उदाहरणार्थ यूसीएसएफ (कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सॅन फ्रान्सिस्कोतलं कॉलेज), आधी छाननी करतात. प्रश्न दरवर्षी फारसे बदलत नाहीत आणि मागच्या वर्षीचे प्रश्न सहज मिळतात. ते जूनमध्येच गोळा करा. सगळे एकत्र ठेवले की लक्षात येतं, शंभर प्रश्न असले तरी जाती सहा-सातच आहेत: आमचंच कॉलेज का, तुम्ही इथे काय घेऊन येणार, कोणती अडचण आली, अपयश किंवा मतभेद कसा हाताळला, पदवीनंतरचं वर्ष कसं घालवताय, आणखी काही सांगायचंय का. प्रत्येक जातीचा एक निबंध साडेचारशे-पाचशे शब्दांचा लिहून ठेवायचा, मग त्याचीच अडीचशे आणि दीडशे शब्दांची रूपं करायची. छाटायला वेळ कमी लागतो, नव्याने लिहायला फार. ड्यूक आणि स्टॅनफर्डसारखी कॉलेजं भरपूर प्रश्न विचारतात. त्यांना दोन-तीन दिवस वेगळे ठेवा.

सगळ्यांत जास्त वेळ द्यावा तो ‘आमचंच कॉलेज का’ या प्रश्नाला. नेहमीचं उत्तर असतं: उत्कृष्ट संशोधन, वैविध्यपूर्ण रुग्ण, सहकार्याचं वातावरण. हे वाक्य कुठल्याही कॉलेजला चालतं, म्हणून कुठेच उपयोगाचं नाही. निबंधातलं कॉलेजचं नाव काढून दुसरं घालून पाहा. तरीही निबंध ठीक वाटला, तर फाडून टाका.

त्याऐवजी अभ्यासक्रमाच्या पानावर जा. ड्यूकमध्ये पायाभूत विज्ञान एका वर्षात संपवतात आणि तिसरं वर्ष संशोधनाला देतात. येलमध्ये प्रबंध लिहावाच लागतो. हार्वर्डला पाथवेज हा नेहमीचा आणि एचएसटी हा एमआयटीबरोबरचा संशोधनाकडे झुकणारा, असे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. क्लीव्हलँड क्लिनिक लर्नर कॉलेजचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे, कारण त्यात संशोधनाचं वर्ष धरलेलं आहे. अशी एक गोष्ट निवडा आणि तिला मुलाने आजवर केलेलं काम जोडा. दोन वर्षं मधुमेहाच्या प्रयोगशाळेत काम केलंय, तिसऱ्या वर्षी त्यातला अमुक प्रश्न पुढे न्यायचाय, असं. कॉलेजात काय आहे, मुलाने काय केलंय, आणि तिथे जाऊन काय करणार, या तीन गोष्टी आल्या की निबंध उभा राहतो. नुसती कॉलेजची स्तुती लिहिली तर वाचणाऱ्याला आपलंच माहितीपत्रक परत वाचल्यासारखं होतं.

‘तुम्ही काय घेऊन येणार’

२९ जून २०२३ च्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रवेशात वंशाला वंश म्हणून वजन देता येत नाही. वंशामुळे आयुष्यात काय घडलं ते मात्र अर्जदार सांगू शकतो. त्यामुळे कॉलेजांनी जुन्या ‘विविधता’ प्रश्नांचे शब्द बदलले, आणि पुढेही बदलत आहेत. छापलेला प्रश्न नीट वाचल्याशिवाय तयार निबंध चिकटवू नका.

आपल्याकडची मुलं इथे हमखास ‘आईबाबा दोन बॅगा घेऊन आले’ हा निबंध लिहितात. तो आईबाबांचा निबंध झाला. मुलाने स्वतः काय केलं ते हवं. मंडळाच्या मराठी शाळेत चार वर्षं लहानांना शिकवलं असेल, तर सहा वर्षांच्या मुलाला ‘ळ’ शिकवताना समजावण्याच्या कुठल्या युक्त्या चालल्या आणि कुठल्या फसल्या, हे रुग्णाला समजावण्याच्या कामाशी सरळ जोडलेलं आहे. भारतातून आलेल्या आजीच्या तपासणीत दुभाष्याचं काम केलं असेल, तर डॉक्टरांचं कोणतं वाक्य आजीपर्यंत पोचलंच नाही ते लिहा. गणपतीत ढोल वाजवतो एवढ्याने काही होत नाही. पथक उभं केलं, पंचवीस जणांच्या तालमी लावल्या, भांडणं मिटवली, हे सांगण्यासारखं आहे.

अडचणीच्या निबंधात ऑरगॅनिक केमिस्ट्रीत बी मिळाल्याचं दुःख नको. एखादं सत्र खरंच घसरलं असेल तर त्याचं कारण ‘आणखी काही’ या जागेत चार वाक्यांत द्या: काय झालं, केव्हा संपलं, पुढचे ग्रेड काय. सांगण्यासारखं नसेल तर ती जागा रिकामी ठेवायला हरकत नाही. आधीच्याच मुद्द्यांची उजळणी वाचायला कुणालाही कंटाळा येतो.

आणखी एक धोका खास आपला. सुट्टीत भारतात जाऊन काकांच्या किंवा मामांच्या हॉस्पिटलात मुलं महिनाभर राहतात, आणि कौतुकाने कोणीतरी त्यांना टाके घालायला किंवा इंजेक्शन द्यायला देतं. अर्जात ते अभिमानाने येतं. वाचणाऱ्याच्या नजरेत मात्र ते प्रशिक्षण नसताना रुग्णावर हात चालवणं आहे, आणि त्याने अर्ज बुडू शकतो. भारतात पाहिलं, निरीक्षण केलं, एवढंच करावं आणि तेवढंच लिहावं. अमेरिकेतला रुग्णसंपर्क मात्र स्वतंत्रपणे हवाच.

जुलै: तक्ता आणि पंधरा दिवस

सेकंडरी आली की दोन आठवड्यांत परत करायची, असा रिवाज आहे. काही कॉलेजांची मुदत ठरलेली असते, ती आधी पाळा. एक तक्ता करा: कॉलेज, सेकंडरी आल्याची तारीख, मुदत, प्रश्न, मर्यादा शब्दांत की अक्षरांत, फी भरली का, शिफारसपत्रं पोचली का, कॅस्पर किंवा प्रीव्ह्यू (प्रसंग देऊन तुम्ही कसं वागाल ते तपासणाऱ्या ऑनलाइन परीक्षा) लागते का, आणि ‘अर्ज पूर्ण’ असा निरोप आला का. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. निबंध आणि फी गेली, पण एक पत्र राहिलं, तर अर्ज वाचायलाच घेत नाहीत. पत्रं ॲमकॅसवर आली तरी कुठलं पत्र कुठल्या कॉलेजला जायचं ते नेमून द्यावं लागतं, आणि ते राहून जातं.

कॅस्पर जून-जुलैतच देऊन टाका. निकाल कॉलेजांकडे जायला वेळ लागतो आणि प्रत्येक कॉलेज यादीत स्वतः निवडावं लागतं. नंतर जोडलेलं कॉलेज तिथेही जोडा.

दिवसाला एक, फार तर दोन सेकंडरी. सर्वांत आवडतं कॉलेज पहिलं घेऊ नका, हात बसल्यावर तिसरं-चौथं घ्या. लिहिणं पोर्टलमध्ये नको, वेगळ्या फाइलमध्ये. पोर्टल मध्येच बंद पडतं, आणि चिकटवताना ठळक-तिरपी अक्षरं आणि परिच्छेद जातात. सबमिट करण्याआधी फाइलमध्ये बाकी सगळ्या कॉलेजांची नावं शोधा. एका कॉलेजच्या अर्जात दुसऱ्याचं नाव राहणं ही सर्वांत स्वस्तात टाळता येणारी चूक आहे.

खर्च: ॲमकॅसला पहिल्या कॉलेजसाठी १७५ डॉलर आणि पुढे प्रत्येकी पंचेचाळीसच्या थोडं वर, म्हणजे वीस कॉलेजांचे हजाराच्या आसपास. सेकंडरीची फी बहुधा पन्नास ते दीडशे डॉलर, म्हणजे आणखी सुमारे दोन हजार. उत्पन्न कमी असेल तर एएएमसीच्या फी सवलतीसाठी ॲमकॅस सबमिट करण्याआधीच अर्ज करा. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. सवलत मिळालेल्यांना बरीच कॉलेजं सेकंडरीची फीही माफ करतात.

आईवडिलांनी तक्ता सांभाळावा, फी भरावी, स्पॅम फोल्डर बघायची आठवण करावी आणि निबंध मोठ्याने वाचून दाखवायला सांगावं. वाचताना मूल अडखळलं तर ते वाक्य त्याचं नाही, तुमचं आहे किंवा यंत्राचं. चॅटजीपीटीकडून कल्पना घेणं किंवा चुका तपासणं ॲमकॅसला चालतं, पण शेवटचा मजकूर स्वतःचा आहे असं प्रमाणित करावं लागतं. आणि प्रवेश कार्यालयाला आईवडिलांनी फोन करू नये, अगदी फीची पावती मिळाली नाही तरी. तो फोन मुलानेच करायचा.

सगळं गेल्यावर दर आठवड्याला मेल पाठवू नका. नवा शोधनिबंध किंवा नवं काम असेल, आणि कॉलेज अशी पत्रं घेत असेल, तरच अर्ध्या पानाचं पत्र पाठवा. प्रवेशाचे निरोप १५ ऑक्टोबरपासून यायला लागतात आणि प्रतीक्षायादी उन्हाळ्यापर्यंत हलत राहते. एकापेक्षा जास्त प्रवेश हातात असतील तर ३० एप्रिलपर्यंत एकच ठेवून बाकीचे सोडायचे असतात.