जी-७ च्या बातम्या वाचताना या चुका टाळा

‘जी-७ ने कर लावला’ असं वाक्य दिसलं की तिथेच थांबा. जी-७ म्हणजे अमेरिका, जपान, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, इटली आणि कॅनडा या सात श्रीमंत देशांचा गट. त्याला कर लावता येत नाही. त्याला सनद नाही, कायमचं सचिवालय नाही. अध्यक्षपद दरवर्षी फिरतं आणि यजमान देशच विषयपत्रिका ठरवतो. २०२१ च्या जूनमध्ये लंडनला अर्थमंत्र्यांनी कंपन्यांवर किमान १५ टक्के कराला पाठिंबा दिला, तेव्हा मथळे असे आले की जणू दुसऱ्या दिवसापासून वसुली सुरू. प्रत्यक्षात ऑक्टोबरमध्ये ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या छत्राखाली १३६ देशांनी होकार दिला. त्यानंतरही कायदा ज्याचा त्यालाच करायचा होता.

संयुक्त निवेदनाला करार समजणं ही याचीच धाकटी बहीण. २०१८ मध्ये कॅनडातल्या शार्लवा परिषदेतून निघाल्यावर ट्रम्प यांनी काही तासांतच एका ट्वीटने निवेदनाचा पाठिंबा काढून घेतला. कोणताही कायदा मोडला नाही, कारण मोडायला कायदा नव्हताच.

पण तेवढ्यावरून ‘नुसत्या गप्पा’ म्हणून मोकळं होऊ नका. १९७८ च्या बॉन परिषदेत चक्क देवाणघेवाण झाली: पश्चिम जर्मनीने मागणी वाढवण्यासाठी सरकारी तिजोरी सैल करायची, अमेरिकेने देशातले तेलाचे दर जागतिक पातळीवर जाऊ द्यायचे. पुढे तेलाचा दुसरा भडका उडाला, महागाई वाढली आणि जर्मनीत या उदारतेबद्दल बरीच कुरकुर झाली.

सगळ्यात जास्त घोळ प्लाझा कराराचा, म्हणजे महागलेला डॉलर खाली आणण्यासाठी झालेल्या समझोत्याचा होतो. तो जी-७ चा नव्हे. २२ सप्टेंबर १९८५ ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन असे पाचच देश होते. इटली आणि कॅनडा बाहेर. शिवाय ‘प्लाझामुळे डॉलर पडला’ हे अर्धंच खरं. डॉलर त्याच वर्षी फेब्रुवारीत शिखरावर पोहोचून आधीच उतरू लागला होता. कराराने त्या उताराला जोर दिला. घसरण इतकी झाली की फेब्रुवारी १९८७ मध्ये पॅरिसला लूव्र करारात ती थांबवण्यासाठी बसावं लागलं. तिथेही सह्या सहाच देशांच्या: आधीच्या बोलण्यांतून वगळल्याच्या रागात इटलीने सही केली नाही.

सदस्यसंख्येच्या चुका मात्र चटकन दुरुस्त होतात. १९७५ ला फ्रान्समधल्या रांबुये येथे पहिल्या परिषदेत सहा देश, १९७६ ला कॅनडा सातवा. रशियामुळे काही काळ जी-८ झाला, पण युक्रेनचा क्रिमिया बळकावल्यावर २०१४ मध्ये रशियाला बाहेर ठेवलं गेलं. युरोपीय संघ बैठकीला असतो, मोजणीत नसतो. आणि ‘जगातल्या सात सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्था’ असं तर लिहूच नका. चीन कुठे आहे त्यात?

शेवटी टक्केवारी. जागतिक उत्पन्नात जी-७ चा वाटा कुणी ४० च्या वर सांगतं, कुणी ३० च्या आसपास. दोघंही खरं बोलत असतात: पहिला आकडा बाजारातल्या विनिमय दराने काढलेला, दुसरा क्रयशक्तीच्या, म्हणजे त्या-त्या देशात पैशाला किती वस्तू मिळतात त्या हिशेबाने. हिशेब कुठला ते लिहिलेलं नसेल, तर तो आकडा पुढे पाठवू नका.