डिंगी रात्री पाण्यात नको

बोटीवर नव्याने लागलेल्याच्या गळ्यात पहिल्यांदा पडते ती डिंगी. मोठी बोट नांगरावर उभी असते, किनाऱ्यावर ये-जा करायची ती या छोट्या रबरी बोटीने आणि तिच्या मागच्या आउटबोर्ड मोटरने. बडोद्याहून यॉटवर कामाला निघालेली पोरं मला बेसिक सेफ्टीच्या कोर्सबद्दल, पगाराबद्दल विचारतात. डिंगीबद्दल कोणी विचारत नाही, आणि कॅप्टनच्या शिव्या बहुतेक तिच्यापायीच खाव्या लागतात.

चोराला हवी असते मोटर. कॅरिबियन बेटांवर १५ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटर कोळ्यांच्या बोटींना चालते, त्यामुळे गिऱ्हाईक लगेच मिळतं. ती वजनाला हलकी, दोन माणसं सहज उचलतात. चोरी बहुधा रात्री होते, डिंगी बोटीमागे दोरीने तरंगत असताना. दोरी कापायची आणि वल्ही मारत निघून जायचं. आवाजसुद्धा होत नाही.

म्हणून रोज संध्याकाळी डिंगी वर उचला. कॅटामरानला, म्हणजे दोन सांगाड्यांच्या बोटीला, मागे डेव्हिट (डिंगी उचलून टांगायचे लोखंडी हात) असतात, तिथे सोपं आहे. एका सांगाड्याच्या शिडाच्या बोटीवर डिंगीला तीन ठिकाणी दोर बांधून हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) आणि विंचने (दोर ओढायच्या चरकीने) ती बाजूला डेकच्या उंचीपर्यंत घ्यायची. तळाचं बूच काढून ठेवायचं, नाहीतर रात्री पाऊस झाला की पाण्याच्या वजनाने सगळं लोंबकळतं. सकाळी पाण्यात सोडण्याआधी बूच परत लावायचं. जेवणानंतर हे काम नको वाटतं, मान्य. पण वर उचललेल्या डिंगीच्या तळाला शंख-शिंपलेही धरत नाहीत, तेवढं घासकाम वाचतं.

रावपुऱ्यात स्कूटरला हँडल लॉक लावून आपण निर्धास्त चहाला जातो, तसं इथे नाही. वायर रोप दिसायला भक्कम, पण चांगल्या कटरपुढे टिकत नाही. स्टेनलेसची जाड साखळी घ्या, शक्यतो ३१६ ग्रेडची, खारं पाणी तीच जास्त सोसते. साखळी मोटर, पेट्रोलची टाकी आणि डिंगीची कडी या तिन्हींतून जाऊन धक्क्याला किंवा बोटीला अडकली पाहिजे. मोटर डिंगीला घट्ट धरणाऱ्या दोन क्लॅम्प स्क्रूंवर बसणारा बार लॉक वेगळा लावायचा. घरून काका प्रेमाने लोखंडी कुलूप देतील. ते इकडे गंजून किल्लीच फिरत नाही. पितळी बॉडी, स्टेनलेस कडी आणि अधूनमधून तेल.

डिंगीवर मोठ्या बोटीचं नाव लिहायची पद्धत मला पटत नाही. धक्क्याला ती दिसली की मालक बोटीवर नाही, हे वाचणाऱ्याला आयतंच कळतं. नव्या मोटरच्या झाकणावर मात्र विचित्र रंग फासा. मालक कुरकुरतो, पण ओळखू येणारी मोटर विकायला अवघड जाते. किल कॉर्ड, म्हणजे ओढली की मोटर बंद करणारी दोरी, उतरताना खिशात टाका.

मोटर डिंगीवर बसवणाऱ्या क्लॅम्प ब्रॅकेटच्या पट्टीवरचा सिरीयल नंबर आणि फोटो आधीच कॅप्टनकडे द्या. बऱ्याच विमा पॉलिसींत मोटर कुलूपबंद असण्याची अट असते आणि दाव्याला पोलिसांचा कागद लागतो.

सकाळी डिंगी जागेवर नसेल तर आधी वाऱ्याच्या दिशेने पुढचा किनारा पाहा. कधी नुसती गाठ सुटलेली असते. कधी मोटर काढून घेऊन रिकामी डिंगी तशीच सोडून दिलेली सापडते. मग व्हीएचएफ रेडिओवर शेजारच्या बोटींना कळवा आणि नंबर घेऊन पोलिसांकडे जा.