पर्कोलेटरची कॉफी: आच सांभाळली तरच जमते

पर्कोलेटरची कॉफी कडूच होते, असं सर्रास सांगितलं जातं. कडू होते ती भांड्यामुळे नाही, खालच्या आचेमुळे.

आधी भांडं नीट ओळखा. ऑनलाइन विक्रीत मोका पॉटलाही पर्कोलेटर म्हणतात. मोकात पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून एकदाच वर जातं आणि वरच साठतं. पर्कोलेटरमध्ये मधोमध नळी, तिच्यावर भोकांची टोपली आणि झाकणाला काचेची गुंडी असते. उकळतं पाणी नळीतून उसळून पुडीवर पडतं, झिरपून परत खाली येतं आणि पुन्हा वर चढतं. तयार कॉफीच फिरत राहते. या भांड्याचे गुण आणि दोष दोन्ही त्यातूनच येतात.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कॉफी पूड मागितली की बहुधा डिकॉक्शनची, म्हणजे दाक्षिणात्य फिल्टरमध्ये काढायच्या दाट अर्काची बारीक, चिकोरी (एका झाडाचं भाजलेलं मूळ) घातलेली पूड हातात पडते. ती इथे नको. बारीक पूड भोकांतून गळून कपात गाळ बसतो. भोकं बुजली तर टोपली तुंबून पूड काठावरून खाली सांडते. चिकोरीचा रंग लगेच उतरतो, त्यामुळे काचेतून पाहून कॉफी किती झाली ते कळत नाही. बिनचिकोरीची, लापशीच्या रव्याएवढी जाड दळून घ्या. दुकानदार कानडी बोलणारा असेल तर ‘चिकोरी बेड, पुडी दप्प इरली’ एवढं पुरे.

चार कपांना 600 मिली पाणी, 35 ग्रॅम पूड. पूड दाबू नका. पाण्याची पातळी टोपलीच्या तळाखाली राहिली पाहिजे.

आता आच. टोपली घालून थंड पाण्यापासून सुरुवात करा, असं बहुतेक माहितीपत्रकांत असतं. ते ऐकू नका. पाणी तापेपर्यंत पूड वाफेवर उगीच शिजते. आधी नुसतं पाणी उकळा, गॅस बंद करा, मग फडक्याने धरून नळी-टोपली बसवा, झाकण लावा आणि लहान बर्नरवर मंद आचेवर ठेवा. गुंडीत पहिला तपकिरी उसळा दिसला की घड्याळ बघा. दर दोन-तीन सेकंदांनी एक उसळा, ही योग्य चाल. सलग खदखदायला लागलं तर आच जास्त आहे. दहा-दहा सेकंद काहीच हललं नाही तर कमी.

आपल्या गॅसची सर्वांत मंद ज्योतही लहान भांड्याला जास्त होते. अशा वेळी खाली लोखंडी तवा ठेवा. मात्र तवा उष्णता धरून ठेवतो, म्हणून ज्योत थोडी आधीच उतरवा. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, पाणी 97-98 अंशांलाच उकळतं. तरी त्यावर विसंबू नका; कॉफीला 90 ते 96 अंश पुरतात.

सहा मिनिटं, फार तर आठ. रंग फिका वाटला तरी वेळ वाढवायची नाही, पुढच्या खेपेला पूड वाढवायची. गॅस बंद केल्याबरोबर टोपली बाहेर काढा. ती आत राहिली तर चोथ्यातला कडवट अर्क ठिबकत राहतो. एवढ्या एका आळसाने चांगली कॉफी बिघडते. मिनिटभर थांबा, गाळ खाली बसू द्या, मग ओता.

नळी रोज ब्रशने आतून घासा, तेलकट थर राहिला की खवट वास येतो. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही.

हे भांडं घ्यावं का? गणपतीत आठ-दहा माणसं आली, लाइट गेलीय, कागदी फिल्टर संपलेत, तेव्हा याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण घरभर दरवळणारा वास म्हणजे कपातून गेलेला वास. शिवाय हा अर्क डिकॉक्शनपेक्षा पातळ असतो. अर्धं दूध घातलं की नुसतं कोमट पांचट पाणी. कपाला दोन-तीन चमचे गरम दूध, त्यापुढे नाही. फेसाळ दुधाची कॉफी हवी असेल तर डिकॉक्शनचा दोन मजली फिल्टरच काढा. उरलेली कॉफी परत गरम करू नका, फ्रिजमध्ये ठेवून थंडच प्या.