घरच्या धूपासाठी राळ-गुग्गुळ कुटताय, चाळताय? या चुका टाळा

नवरात्राआधी दरवर्षी घरी धूप करते मी, राळ आणि गुग्गुळ या झाडांच्या वाळलेल्या चिकांचा, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच की राळ मिक्सरला लावली तर भांड्याला डांबरासारखी का चिकटली. कारण मिक्सर सलग फिरवला! पातं गरम होतं, राळ मऊ पडते, गोळा होतो, मग बसा घासत, नुसत्या पाण्याने ते निघत नाही, आधी खोबरेल चोळा मग साबण लावा. खलबत्त्यात थोडी थोडी कुटलेली बरी, नाहीतर मिक्सर एक-दोन सेकंद फिरवून थांबवा.

राळ ठिसूळ, पटकन फुटते. गुग्गुळाचं तसं नाही, तो मुळातच चिकट, म्हणून हवाबंद डब्यात घालून फ्रीजरला ठेवा, कडक झाला की फुटतो. पण मग लोक सगळा डबा उघडा टाकून निवांत कुटत बसतात, आणि दमट हवेत थंड तुकड्यांवर पाणी धरतं नि भुकटीचा चिखल होतो. मूठभरच काढा, बाकीचा परत आत. कोकणात तर भर पावसात हे काम काढूच नका.

आता चाळणं. कुटायच्या आधी निवडलं नाही तर पुढचं सगळं वाया, कारण राळेला चिकटून आलेल्या झाडाच्या सालीची पण भुकटी होते आणि मग चाळणीला राळ काय नि साल काय, दोन्ही सारखंच, धूप लावला की जळक्या लाकडाचा वास येतो. काड्या, वाळू हाताने काढा, जाडसर कुटून सुपात पाखडा, हलकी साल उडून जाते. आधी 40 नंबरची चाळणी (नंबर म्हणजे इंचाला किती भोकं, नंबर मोठा तितकी जाळी बारीक), मग 80 ची (तिची भोकं साधारण 180 मायक्रॉन). नुसती हलक्या हाताने टिचकी मारायची, चमच्याने दाबायचं नाही, दाबलं की कचरा खाली उतरतो आणि राळ जाळीत बसते. वस्त्रगाळ करायची तर अजिबात गरज नाही, फार बारीक भुकटी निखाऱ्यावर भसकन पेटते. मशालीवर राळ टाकली की केवढा भपका होतो माहितीये ना? म्हणून गॅस, दिवा काहीही चालू असताना चाळायला बसू नका, प्लीज.

एवढं करूनही जळताना टर्पेंटाइनचा वास आला तर दोष चाळणीचा नाही, राळेत चिडाचा बेरजा, म्हणजे चीड (पाइन) झाडाचा चीक, मिसळलेला असतो. गुग्गुळात डिंक असतोच, त्याचं पाणी दुधाळ होणारच, पण राळ पाण्यात विरघळायला लागली तर ती सरळ परत करा.