ग्रामपंचायतीचा ऑनलाइन खर्च आणि गल्लीतला रस्ता : ताळा कसा जुळवायचा

गावातल्या काँक्रीट रस्त्यावर किती पैसे गेले हे कळायला आता ग्रामपंचायतीचे कपाट उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाचे ई-ग्रामस्वराज पोर्टल २४ एप्रिल २०२० ला सुरू झाले. वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने दिलेली रक्कम तिथे व्हाउचर क्रमांक आणि तारखेसह पाहता येते, आणि त्यासाठी लॉगिन लागत नाही. मात्र पोर्टलवर दिसतो तो कुणीतरी भरलेला आकडा. जिओटॅग केलेला, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटोही तिथे रस्ता आहे एवढेच सांगतो, त्याची जाडी सांगत नाही. म्हणून पोर्टल, कागद आणि जमीन या तिन्ही ठिकाणचे आकडे एकमेकांशी लावून पाहावे लागतात.

पोर्टलवरून काय उतरवून घ्यायचे

मेन्यूतली नावे अधूनमधून बदलतात, पण अहवालांत दोन गोष्टी शोधायच्या : मंजूर विकास आराखडा आणि लेख्यांमधली व्हाउचरे. आर्थिक वर्ष, राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत या क्रमाने निवडत जा. गट ग्रामपंचायत असेल तर यादीत तुमच्या गावाचे नाव सापडणार नाही, मुख्य गावाचेच नाव असते. इंग्रजी स्पेलिंगमुळेही गाव हुकते. अशा वेळी एलजीडी कोड, म्हणजे ग्रामपंचायतीला दिलेला सरकारी क्रमांक, हाताशी असला की खात्री होते.

एका कोऱ्या कागदावर कामाचे नाव, आराखड्यातली रक्कम, निधीचे नाव, व्हाउचर क्रमांक, तारीख आणि दिलेली रक्कम लिहा. स्क्रीनशॉटही तारखेसह जपून ठेवा, कारण नोंदी नंतर दुरुस्त होऊ शकतात.

आता निधी बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेला) आहे की अबंधित ते पाहा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी ६० टक्के निधी बंधित ठेवला : निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. सांडपाण्याची गटार बंधित निधीतून होऊ शकते. काँक्रीट रस्ता त्याच निधीत दाखवला असेल, तर मोजमापाआधीच प्रश्न विचारायला जागा आहे.

आकडे जुळले नाहीत म्हणजे लगेच घोटाळा नव्हे

इथे घाई फार होते आणि चांगली माणसे दुखावतात. ठेकेदाराच्या खात्यात अंदाजपत्रकापेक्षा कमी रक्कम दिसण्याची साधी कारणे असतात : आयकराची कपात, १ टक्का कामगार उपकर, आणि करार अडीच लाखांच्या वर असेल तर २ टक्के जीएसटी कपात. एकाच कामाची दोन-तीन व्हाउचरे असतील तर ती चालू देयके, म्हणजे काम होईल तशी टप्प्याटप्प्याने दिलेली बिले, असू शकतात. मागच्या वर्षीचे अपुरे काम या वर्षाच्या आराखड्यातही येते.

उलटही घडते. रस्ता समोर दिसतो, पण पोर्टलवर नसतो. तो आमदार निधीतून, २५-१५ या राज्याच्या ग्रामविकास लेखाशीर्षातून किंवा जिल्हा नियोजनातून झाला असेल, तर पैसे ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या खात्यातून गेलेलेच नसतात. कामावरचा फलक आधी वाचा. खरी चिंतेची बाब वेगळी : एकच रस्ता दोन निधींत, थोड्या बदललेल्या नावाने. ‘मारुती मंदिर ते शाळा’ आणि ‘शाळा ते मारुती मंदिर’ या दोन नावांचा रस्ता एकच आहे का, हे गावातल्या माणसालाच कळते. संगणकाला ती दोन कामे वाटतात.

टेप घेऊन रस्त्यावर

कॉम्प्युटरसमोर दोन तास बसण्यापेक्षा इथला अर्धा तास मोलाचा. ३० मीटरची टेप, एक छोटी पट्टी आणि दोन माणसे पुरतात. समजा, अंदाजपत्रकात १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड रस्ता आहे. काँक्रीट होते १०० × ३ × ०.१५ = ४५ घनमीटर. जाडी १० सेंटिमीटरच निघाली तर ३० घनमीटर. लांबी-रुंदी बरोबर असूनही तिसरा हिस्सा गायब, आणि वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

लांबी आणि रुंदी किमान पाच ठिकाणी मोजा. जाडी मोजायला रस्ता जिथे संपतो तो काप सर्वांत चांगला. बाजूपट्टीची माती थोडी उकरूनही कड दिसते. फक्त कडेवर विसंबू नका. खालचा थर सपाट केलेला नसेल तर कड पूर्ण भरते आणि मधला भाग पातळ राहतो. शक्यतो मोजणी बाजूपट्टी भरण्याआधीच उरका. पथदिवे असतील तर खांब मोजा आणि वॅट लिहून घ्या. पेव्हर ब्लॉक असतील तर सुट्या ब्लॉकची जाडी मोजा.

कागद मागवणे

मोजमाप पुस्तिका, म्हणजे अभियंत्याने कामाची मापे लिहिलेली वही, जिला सगळे एमबी म्हणतात, ती पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली जोडपत्र ‘अ’ मध्ये अर्ज करा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंतचा हवा, म्हणून एका अर्जात एकच काम घ्या. मजकूर असा :

‘व्हाउचर क्र. … दि. … अन्वये … या कामासाठी दिलेल्या रकमेबाबत अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने व अंतिम देयक यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.’

‘रस्ता खराब का झाला?’ असे विचारले की अर्ज वाया जातो. अभिलेखात असलेली माहितीच मिळते, खुलासा मिळत नाही.

जन माहिती अधिकारी ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. एमबी शाखा अभियंत्याकडे असेल तर अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. प्रतीला पानाला २ रुपये. ३० दिवसांची मुदत उलटली तर माहिती फुकट. उत्तर आले नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्याकडे (पंचायत) पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या भागातल्या खंडपीठाकडे दुसरे.

ग्रामसभेत

गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी कमी असेल तितके लागतात. ती नसली तर सभा तहकूब होते आणि तुमचा प्रश्न राहून जातो. म्हणून शेजाऱ्यांना घेऊन जा. बोलताना माणसाचे नाव घेऊ नका, आकडा वाचा : व्हाउचर अमुक, एमबीत जाडी १५, आमच्या मोजणीत पाच ठिकाणी सरासरी १०. प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्या.

सरपंचांना एक गोष्ट याच सभेत विचारावी : डिजिटल सहीचा डोंगल (पेनड्राइव्हसारखे उपकरण) कुणाकडे असतो? देयक सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सहीने जाते. डोंगल आणि पासवर्ड तिसऱ्याच्या हाती असेल, तर कोऱ्या चेकवर सही करून ठेवल्यासारखेच आहे, आणि जबाबदारी मात्र सही ज्याच्या नावाची त्याचीच.

आकडे मान्य झाले नाहीत तर संयुक्त मोजणीचा ठराव मांडा : शाखा अभियंता, ठेकेदार आणि ग्रामस्थ एकत्र. जाडीवर वाद राहिला तर कोअर, म्हणजे रस्त्यातून काढलेला गोल नमुना, कापून पाहण्याची मागणी त्याच ठरावात घाला. जागा ग्रामस्थांनी निवडायच्या, किमान एक रस्त्याच्या मध्यावर, आणि पडलेले भोक त्याच दिवशी काँक्रीटने बुजवून द्यायचे, हेही लिहून घ्या.