भांडं घेताना आधी बूड बघा

रोजच्या स्वयंपाकासाठी भांडं निवडताना चकाकीपेक्षा बुडाकडे लक्ष द्या. नुसत्या पातळ स्टीलमध्ये उष्णता नीट पसरत नाही. जाळ लागतो तिथेच करपतं. म्हणून स्टीलच्या दोन थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियम असलेलं ट्रायप्लाय घ्या, आणि तो थर नुसता बुडाला नसून काठापर्यंत आहे ना, हे विचारून घ्या. त्यात आंबट पदार्थही बिनधास्त शिजवता येतात.

लोखंडी कढईत मात्र आंबट फार वेळ उकळू नका, तेलाने बसलेला काळा थर निघून जातो. पण भाजायला-परतायला माझ्या मते तिला तोड नाही. गंजली तरी घासून, तेलाचा हात फिरवून तापवली की पुन्हा कामाला लागते. नॉनस्टिकचं तसं नाही. त्याचा लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो, रिकामं भांडं मोठ्या आचेवर तर ठेवूच नका. नॉनस्टिकचा एखादा छोटा तवा पुरे.

घरातल्यांच्या आवडी बदलत राहतात. आज वाफवलेलं हवं, उद्या खरपूस. दर वेळी नवं भांडं आणायची गरज नाही, जाड बुडाच्या पातेल्यात आणि कढईत बहुतेक सगळं होतं. विकत घेताना दांडा धरून हलवून पाहा. रिव्हेट, म्हणजे दांडा भांड्याला जोडणारे खिळे, ढिले वाटले तर ठेवून द्या. इंडक्शनवर वापरायचं असेल तर बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटायला हवा.